उघडे दार आणि निवविलेली आकांक्षा : अमेरिकन कम्युनिटी कॉलेजविषयीच्या लेखनाचा तौलनिक विचार

१

मराठी दलित साहित्य आणि कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्य यांची तुलना मराठी समीक्षेत एव्हाना रूढ झाली आहे. फ्लॉरिडा विद्यापीठात संशोधन करून परतलेले म. ना. वानखेडे यांनी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात अध्यापन करीत असताना या साहित्याकडे तरुण लेखकांचे लक्ष वेधले. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने तर हे नाते आपल्या नावातच जाहीर केले. परंतु ही तुलना मुख्यतः अनुभवाच्या पातळीवर झाली. वेदना, नकार आणि विद्रोह ही तिची परिभाषा राहिली. दोन्ही साहित्यांत कथनाला गती देणारी जी शिक्षणसंस्था, ती मात्र पार्श्वभूमीसारखी मागे राहिली. शाळा-महाविद्यालय हे केवळ घटनास्थळ नसते. विषमता कोणत्या रीतीने चालवली जाते, दाराबाहेर अडवून की आत घेऊन, यावर त्या विषमतेचे कथन कोणते रूप घेईल हेही ठरत असते.

या दृष्टीने अमेरिकेतील दोन वर्षांचे कम्युनिटी कॉलेज आणि त्याविषयी गेल्या साठ-पासष्ट वर्षांत झालेले लेखन लक्षणीय आहे. हे लेखन बहुतांशी समाजशास्त्रीय आहे. तथापि त्याचा युक्तिवाद काही मोजक्या रूपकांवर उभा आहे, आणि ती रूपके साहित्याच्या अभ्यासकाने तपासावीत इतकी अर्थबहुल आहेत. प्रस्तुत लेखात या रूपकांचा, त्यांना उत्तर म्हणून वाचता येतील अशा आत्मपर व अध्यापनविषयक ग्रंथांचा आणि त्यांच्यापुढे ठेवून पाहिल्यास मराठी दलित आत्मकथनाच्या रूपावर पडणाऱ्या प्रकाशाचा विचार केला आहे.

२

या संस्थेचा उगम समजून घेतल्याशिवाय तिची रूपके उलगडत नाहीत. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी पदवीच्या पहिल्या दोन वर्षांना ‘ज्युनियर कॉलेज’ असे वेगळे नाव दिले. त्यांच्याच प्रेरणेने इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये पहिले सार्वजनिक ज्युनियर कॉलेज सुरू झाले. अधिक मुलांना उच्च शिक्षण मिळावे हा एक हेतू होता. विद्यापीठाने आपला वेळ निवडक विद्यार्थ्यांसाठी व संशोधनासाठी राखावा हा दुसरा. दार उघडणे आणि गर्दी बाहेरच्या ओसरीवर थोपवणे ही दोन्ही कामे या संस्थेकडे जन्मापासून सोपवलेली होती.

१९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या अहवालाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव प्रचारात आणले. ‘ज्युनियर’ या शब्दातील कनिष्ठतेचा दर्शक पुसला गेला आणि त्या जागी जिव्हाळ्याचा, परिसराचा सूर आला. नाव बदलल्याने उतरंड मात्र बदलली नाही. १९६० च्या कॅलिफोर्निया बृहद्आराखड्याने ती कागदावर स्पष्टपणे आखली. शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरचा एक-अष्टमांश कॅलिफोर्निया विद्यापीठासाठी, वरचा एक-तृतीयांश राज्य महाविद्यालयांसाठी आणि उरलेले सर्व दोन वर्षांच्या महाविद्यालयांसाठी. या तिसऱ्या पायरीवरून चांगले गुण मिळवून वरच्या पायरीवर जाता येईल, असे आश्वासनही त्यात होते. या स्थलांतराच्या आश्वासनावरच संस्थेची लोकशाहीवादी प्रतिष्ठा आजवर उभी आहे. प्रत्यक्षात कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के विद्यार्थी पुढे चार वर्षांची पदवी घेण्याची इच्छा सांगतात, आणि सहा वर्षांत ती पदवी हाती पडते सुमारे सहापैकी एकाच्या. इच्छा आणि प्राप्ती यांच्यामधल्या या अंतराचे कथन कसे करायचे, हा या विषयावरील लेखनापुढचा मूळ प्रश्न आहे.

३

हे अंतर नेमके कसे कापले जाते याचे पहिले प्रभावी विवेचन बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्येच केले. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील ज्युनियर कॉलेजच्या अभ्यासातून त्यांनी ‘ओपन डोअर कॉलेज’ हा ग्रंथ आणि ‘कूलिंग आउट’ची कल्पना मांडणारा निबंध लिहिला. ग्रंथाच्या नावात उघडे दार आहे, निबंधाच्या नावात थंड करण्याची क्रिया आहे. ही दोन रूपके एकत्र वाचली की क्लार्क यांचे सर्व प्रतिपादन हाती येते. लोकशाही समाज प्रत्येकाला आकांक्षा बाळगण्यास सांगतो, पण उच्च पदे मोजकीच असतात. तेव्हा ज्यांचे शिक्षण या कॉलेजातच संपणार आहे, परंतु ज्यांना स्वतःला ते अद्याप ठाऊक नाही, अशा विद्यार्थ्यांची आकांक्षा हळूहळू कमी करण्याचे काम कॉलेजला करावे लागते. प्रवेशाच्या वेळची चाचणी, समुपदेशकाची भेट, स्वतःच्या कुवतीचे मूल्यमापन करायला लावणारा अभ्यासक्रम, प्रगती असमाधानकारक असल्याच्या सूचना, शेवटी परिवीक्षेचा शेरा, असा हा क्रम आहे. या क्रमात कोणीही विद्यार्थ्याला ‘तू जा’ असे म्हणत नाही. तो स्वतःच आपली वाट बदलतो आणि ती आपणच निवडली असे मानतो.

क्लार्क यांनी हे रूपक आणले ते अर्व्हिंग गॉफमन यांच्या १९५२ च्या निबंधातून, आणि गॉफमन यांनी ते उचलले भामट्यांच्या बोलीतून. सावज लुबाडले गेल्यावर त्याने आरडाओरडा करू नये, पोलिसांकडे जाऊ नये, म्हणून टोळीतला एकजण मागे थांबतो, त्याची समजूत घालतो, नुकसान कसे सोसावे ते शिकवतो. हा मागे थांबलेला मनुष्य म्हणजे ‘कूलर’. शिक्षणसंस्थेच्या वर्णनासाठी हे रूपक वापरताना क्लार्क यांनी त्यातील फसवणुकीचा भाग बाजूला ठेवला आणि समजूत घालण्याचा भाग तेवढा ठेवला. परंतु रूपक आपले कूळ सहजी विसरत नाही. ज्या ठिकाणी समजूत घालणारा आहे, त्या ठिकाणी आधी काहीतरी हिरावले गेले आहे, हा अर्थ वाचकाच्या मनात राहतोच. ही प्रक्रिया परिणामकारक राहण्यासाठी ती लोकांच्या नजरेआड राहिली पाहिजे, असे क्लार्क स्वतःच नमूद करतात. संयत समाजशास्त्रीय गद्यातील हे विधान निबंधाच्या तटस्थ सुराला आतून छेद देते.

मराठीत हे रूपक आणताना त्याची दुहेरी धार आणखी उघड होते. ‘गार करणे’ म्हणजे चीत करणे, ‘थंड करणे’ यात दडपून टाकण्याचा भाव. उलट ‘निवविणे’ हे क्रियापद मराठी संतपरंपरेने मंगल करून ठेवले आहे. त्रिविध तापाने पोळलेला जीव संतसंगतीने निवतो, आईला पाहून लेकराचे डोळे निवतात. उष्ण प्रदेशातल्या भाषेला गारवा हा प्रसाद वाटतो. क्लार्क यांच्या संकल्पनेसाठी ‘निवविणे’ हाच प्रतिशब्द म्हणूनच अधिक समर्पक ठरतो. समुपदेशकाचा सौम्य स्वर, विद्यार्थ्याला वाटणारा क्षणिक दिलासा आणि त्या दिलाशाच्या पोटातला घात हे तिन्ही त्यात एकवटतात. आकांक्षा दडपली जाते तेव्हा ती धुमसत राहते. निवविली जाते तेव्हा धूरही उरत नाही.

४

क्लार्क यांच्यानंतरच्या टीकाकारांनी या संस्थेला दिलेली नावे म्हणजे रूपकांचाच इतिहास आहे. जेरोम कॅराबेल यांनी १९७२ मध्ये कम्युनिटी कॉलेजचा संबंध थेट सामाजिक स्तरीकरणाशी जोडला. एल. स्टीव्हन झ्वेर्लिंग यांच्या १९७६ च्या ग्रंथाचे नाव ‘सेकंड बेस्ट’. स्टीव्हन ब्रिंट आणि कॅराबेल यांच्या १९८९ च्या इतिहासग्रंथाचे नाव ‘द डायव्हर्टेड ड्रीम’, म्हणजे वळवलेले स्वप्न. लँग्स्टन ह्यूज यांच्या १९५१ च्या हार्लेमविषयक काव्यमालेच्या नावात लांबणीवर पडलेले स्वप्न आहे, त्याचा पडसाद या शीर्षकात ऐकू येतो. मात्र दोहोंतला फरक महत्त्वाचा आहे. लांबणीवर पडलेले स्वप्न आपले असते. त्याला सुकण्याचा, सडण्याचा, स्फोट होण्याचाही संभव असतो. वळवलेले स्वप्न पाटाच्या पाण्यासारखे दुसऱ्याच शेतात जाते, आणि ज्याचे ते होते त्याला आपले शेत कोरडे का राहिले हे समजत नाही.

या टीकेला दुसरी बाजू आहे. सेसिलिया राउस यांनी १९९५ मध्ये प्रश्नच दुहेरी मांडला : ही संस्था लोकशाहीकरण करते की दिशाबदल? ज्या विद्यार्थ्याने एरवी महाविद्यालयाची पायरीच चढली नसती त्याच्या दृष्टीने कम्युनिटी कॉलेज हा लाभ आहे. जो चार वर्षांच्या महाविद्यालयात गेला असता त्याच्या दृष्टीने मात्र ते तोट्याचे ठरू शकते. नोकरी करणारी, मुले सांभाळणारी, तिशी ओलांडलेली स्त्री सायंकाळच्या वर्गाला येऊ शकते ती केवळ याच ठिकाणी. निव्वळ फसवणुकीचे रूपक तिच्या अनुभवाला न्याय देत नाही. त्या रूपकात सावजाला बुद्धी नसते, निवड नसते, आणि विद्यार्थ्याला सावज मानणारी टीका नकळत समुपदेशकाच्याच भूमिकेत जाऊन बसते. क्लार्कप्रणीत परंपरेची ही खरी मर्यादा आहे. या लेखनात विद्यार्थी दिसतो, पण बोलत नाही.

५

त्याचे बोलणे ऐकण्यासाठी वेगळ्या ग्रंथांकडे वळावे लागते. कादंबरीकडून येथे फारशी मदत होत नाही, आणि याला कारण आहे. महाविद्यालयीन कादंबरी हा प्रकार निवासी संस्थेवर पोसलेला आहे. किंग्जली एमिस यांच्या ‘लकी जिम’पासून डेव्हिड लॉज यांच्यापर्यंत त्याला बंदिस्त परिसर लागतो. मराठीत ‘कोसला’च्या पांडुरंग सांगवीकरालाही वसतिगृह लागते. वसतिगृहातील रिकामा वेळ, मैत्री, भटकणे यांतूनच या कादंबरीचा काळ तयार होतो. कम्युनिटी कॉलेजच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना असा रिकामा वेळ नसतो. वर्ग संपला की कामाची पाळी, नाहीतर घर. ज्या संस्थेत कोणी राहत नाही, तिची कादंबरी सहजासहजी होत नाही. ऑस्कर हिहुएलोस यांच्यासारखा कादंबरीकार ब्राँक्स कम्युनिटी कॉलेजातून सिटी कॉलेजकडे गेला आणि १९९० मध्ये पुलित्झर पारितोषिकाचा मानकरी ठरला. परंतु त्या पारितोषिकपात्र कादंबरीचे विश्व क्यूबातून आलेल्या संगीतकारांचे आहे, कॉलेजचे नाही.

ही उणीव काही प्रमाणात भरून काढणारे दोन ग्रंथ अध्यापकांनी लिहिले आहेत. मीना शॉनेसी यांचा ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय व पोर्तोरिकन विद्यार्थ्यांच्या १९६९ च्या आंदोलनानंतर न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने १९७० मध्ये मुक्त प्रवेशाचे धोरण स्वीकारले. सिटी कॉलेजात आलेल्या नव्या विद्यार्थ्यांचे सुमारे चार हजार चाचणी-निबंध शॉनेसी यांनी वाचले. त्यांचे वाचन हे शब्दाच्या पूर्ण अर्थाने निकट वाचन आहे. चुकीच्या वाक्यात त्या अज्ञान पाहत नाहीत, एक अपुरे राहिलेले तर्कशास्त्र पाहतात. विरामचिन्ह चुकते कारण लेखणाऱ्याला लिखित भाषेची लय अपरिचित आहे, वाक्य अडखळते कारण ते औपचारिकतेची नक्कल करू पाहते. जी चाचणी क्लार्क यांच्या वर्णनात आकांक्षा निवविण्याची पहिली पायरी होती, तीच शॉनेसी यांच्या हाती अर्थनिर्णयाची संहिता होते. एकाच कागदाचे हे दोन वाचनप्रकार आहेत, आणि विषमतेचा प्रश्न येथे वाचनाचाच प्रश्न होतो. त्या वाचनाचे संस्थात्मक भवितव्य मात्र फार काळ सुरक्षित राहिले नाही. १९७६ मध्ये सिटी विद्यापीठाचे विनाशुल्क शिक्षण संपले. १९९९ मध्ये विद्यापीठाच्या विश्वस्तांनी पूरक अध्यापनाचे वर्ग चार वर्षांच्या महाविद्यालयांतून काढून टाकण्याचा निर्णय घेतला, आणि ज्यांना त्या वर्गांची गरज होती त्यांची वाट कम्युनिटी कॉलेजकडे वळली.

माइक रोझ यांचा ‘लाइव्ह्ज ऑन द बाउंडरी’ हा १९८९ चा ग्रंथ आत्मकथन आणि शैक्षणिक चिंतन यांच्या सीमेवर उभा आहे. इटालियन स्थलांतरितांचा हा मुलगा दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये वाढला. दुसऱ्या एका रोझ आडनावाच्या विद्यार्थ्याच्या गुणांशी त्याच्या गुणांची अदलाबदल झाली आणि त्याला माध्यमिक शाळेत दोन वर्षे व्यवसायशिक्षणाच्या तुकडीत काढावी लागली. चूक उघडकीस आली, पुढे एक तळमळीचा इंग्रजीचा शिक्षक भेटला आणि वाट बदलली. या कथानकात एक अडचण आहे. चुकीने खाली ढकलला गेलेला नायक वर येतो तेव्हा उरलेले सर्वजण योग्य जागीच होते असा समज होऊ शकतो. रोझ या समजाला सावधपणे अडवतात. त्या तुकडीतल्या एका मुलाला फक्त सर्वसाधारण व्हायचे असते. त्याच्या या उद्गाराला ते आळस समजत नाहीत. अपमानापासून स्वतःला वाचवण्यासाठी बुद्धीने बुद्धीवरच घातलेला बांध म्हणून तो वाचतात. निवविलेल्या आकांक्षेचे आतून केलेले इतके नेमके वर्णन समाजशास्त्रीय लेखनात सापडत नाही. २०१२ च्या ‘बॅक टू स्कूल’ या ग्रंथात रोझ कम्युनिटी कॉलेजातील प्रौढ विद्यार्थ्यांकडे वळले तेव्हाही ही दृष्टी त्यांनी सोडली नाही.

तरीही रोझ यांच्या कथनाला खलपुरुष नाही. गुणपत्रिकांची अदलाबदल ही कोणाची दुष्टाई नव्हती. शिक्षक उदासीन असतील, पण वैरी नव्हते. रेजिना डील-आमेन आणि जेम्स रोझेनबॉम यांनी २००२ मध्ये दोन कम्युनिटी कॉलेजांविषयी जे दाखवले त्याने हा मुद्दा अधिक तीव्र होतो. विद्यार्थ्याला न्यूनगंड येऊ नये म्हणून पूरक वर्गांना ‘पूरक’ म्हणायचे टाळले जाते, आणि त्यामुळे या वर्गांचे श्रेयांक पदवीसाठी धरले जात नाहीत हेच अनेकांना उशिरापर्यंत कळत नाही. सद्भावनेतून आलेली मृदू भाषा नुकसानीचे साधन होते. ज्या नकाराला चेहरा नाही, त्याच्याविरुद्ध आत्मकथन कोणाला उद्देशून लिहायचे?

६

मराठी दलित आत्मकथनाला हा प्रश्न पडला नव्हता. तेथे नकाराला चेहरा होता, आवाज होता, बहुधा नावही होते. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ (१९८१) मधील संस्कृतच्या अध्ययनाची कहाणी या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगी आहे. नागपूरच्या कुमुद सोमकुवर संस्कृतमध्ये एम. ए. होतात. परीक्षेचे दार त्यांनी गुणवत्तेवर उघडलेले असते, नोकरीचे दार मात्र बंद राहते. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलते आणि अध्यापकपद मिळते. हे पद पावडे या नावाला मिळाले, सोमकुवर या नावाला नव्हे, याची लेखिकेला असलेली बोचरी जाणीव हे या लेखनाचे केंद्र आहे. क्लार्क यांच्या परिभाषेत सांगायचे तर येथे वस्तुनिष्ठ मोजमापाचा आधार घेतलेलाच नाही. मोजमाप लेखिकेच्या बाजूने आहे, आणि नकार उघडपणे जातीचा आहे. येथे समजूत घालायला कोणी मागे थांबत नाही, कारण तशी गरजच कोणाला भासत नाही. म्हणूनच हा अनुभव निवत नाही. ग्रंथाच्या नावातला स्फोट हा केवळ अलंकार नाही, नकाराच्या स्वरूपातून आलेला तो कथनाचा आकार आहे.

संस्थांच्या नावांतही हा भेद दिसतो. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि नोकरदार विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. सोयीच्या वेळा, अल्प उत्पन्नाचे विद्यार्थी, पहिल्या पिढीचे शिक्षण या बाबतींत त्याचे कम्युनिटी कॉलेजशी साम्य आहे. परंतु १९५० मध्ये औरंगाबादला सुरू झालेल्या महाविद्यालयाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाव दिले ते मिलिंद या राजाचे, आणि परिसराचे नाव झाले नागसेनवन. नागसेनाला प्रश्न विचारणारा, उत्तर मिळेपर्यंत न थांबणारा हा राजा आहे. ‘उघडे दार’ या रूपकात विद्यार्थी आत घेतला जातो, ‘मिलिंद’ या नावात तो प्रश्न विचारतो. आकांक्षा कमी करणे हे या संस्थेचे छुपे कार्यही असू शकत नव्हते, कारण आकांक्षा निर्माण करणे हे तिचे घोषित कार्य होते. मिलिंदमध्ये अध्यापन करणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले आणि त्यातून लेखकांची एक पिढी पुढे आली, ही गोष्ट या दृष्टीने योगायोगाची नाही. स्वस्त शिक्षण आणि दुय्यम शिक्षण हे समानार्थी असलेच पाहिजेत असे नाही, हे या उदाहरणाने दाखवून दिले आहे.

७

येथवरच्या तुलनेतून एक सूत्र हाती येते. विषमता जेव्हा उघड बहिष्काराच्या रूपात येते तेव्हा तिचे कथन संघर्षाचे होते आणि त्याला प्रतिपक्ष मिळतो. ती जेव्हा मोजमाप, सल्ला आणि सोय यांच्या रूपात येते तेव्हा पीडित स्वतःलाच प्रतिपक्ष समजू लागतो, आणि कथन आत्मदोषाकडे किंवा मौनाकडे झुकते. या दोन अवस्था दोन देशांच्या कायमच्या ओळखी मात्र नव्हेत. अमेरिकेतही वांशिक बहिष्कार दीर्घकाळ उघड होता. भारतात, उलट, दुसऱ्या अवस्थेची चिन्हे आता ठळक होत आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात कम्युनिटी कॉलेजची योजना भारतात आणली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवी-अभ्यासक्रमात बहुप्रवेश व बहुनिर्गम यांची तरतूद केली : एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, त्यानंतर पदवी. अर्ध्यावर शिक्षण सुटलेल्याच्या हाती काहीतरी कागद पडेल, आणि तो पुढे परतूही शकेल, हा या तरतुदीमागील विचार मानवी आहे. परंतु एका वर्षानंतर बाहेर पडणारे कोण असतील, त्या वेळी त्यांना सल्ला कोण आणि कोणत्या शब्दांत देईल, आणि परतीची वाट प्रत्यक्षात किती जण चालतील, हे प्रश्न क्लार्क यांचा निबंध वाचलेल्या कोणालाही टाळता येणार नाहीत. पूर्वी ज्याला ‘शिक्षण सुटले’ असे म्हणत, त्याला आता ‘निर्गम’ म्हटले जाईल. ‘सुटले’ या शब्दात निदान हळहळ तरी होती.

साहित्याच्या अभ्यासकासाठी यातून निघणारे काम स्पष्ट आहे. ज्याला कोणी हाकलले नाही आणि तरीही जो बाहेर पडला, अशा विद्यार्थ्याचे आत्मकथन मराठीत लिहिले जाईल तेव्हा त्यात जोहार घालायला लावणारा पाटील नसेल, वर्गाबाहेर बसवणारा मास्तर नसेल. असेल तो चाचणीचा निकाल, सौजन्याने बोलणारा सल्लागार आणि सहीशिक्क्याचे प्रमाणपत्र. अशा लेखनात विद्रोहाचा परिचित सूर सापडला नाही म्हणून समीक्षेने त्याला सौम्य वा तडजोडीचे ठरवू नये. शॉनेसी यांनी चुकलेल्या वाक्यात जसा तर्क वाचला, तसा या लेखनातील निवलेल्या सुरात हिरावलेपणाचा माग वाचावा लागेल. त्यासाठी वेदना-विद्रोहाच्या परिभाषेला संस्थांच्या भाषेचे भान जोडणे हे तौलनिक अभ्यासापुढील आजचे कार्य आहे.